आत माणूस थांबला आहे

माझ्या बाबांना द्यायचं रक्त हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत अडकून पडलं होतं, आणि ज्यांनी ते अडकवलं ते आमचे सर वाडीतल्या आपल्या घरी पाटावर बसून वरणभात जेवत होते. हे मला कळलं तेव्हा मी काउंटरच्या काचेसमोर उभी होते. सरांबद्दल बोलायचं तर खरं म्हणजे त्यांच्या मिशांपासून किंवा चालण्यापासून सुरुवात करायला हवी. पण मला ते जमत नाही. कुठूनही सुरुवात केली तरी मी त्या काचेशीच येऊन पोचते.

रावपुऱ्यात एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली फरसाणवाला, त्याच्या तेलाचा वास थेट आमच्या कीबोर्डपर्यंत. तिथे आम्ही जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत वेब ॲप्लिकेशनं बनवायचो. शाळांसाठी, पतपेढ्यांसाठी, आणि शेवटी शेवटी एका हॉस्पिटलसाठी. सर तिथले सगळ्यात जुने. आजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे, आणि त्यांचा ताठ कणा नातवाकडे जसाच्या तसा आला होता. बाकी शिस्तीचा मात्र फौजेशी काही संबंध नव्हता. एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात तपकिरी घालून आलेल्या सरांना मी कितीदा तरी पाहिलं आहे.

सरांचा हेका एकच. प्रोग्रॅम नुसता चालवायचा नाही, डीबग मोडमध्येच चालवायचा. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम या मोडमध्ये चालवला की हव्या त्या ओळीपुढे एक लाल ठिपका ठेवता येतो. प्रोग्रॅम धावत धावत त्या ओळीपाशी आला की जागच्या जागी थांबतो. मग आत डोकावून बघायचं, कुठल्या भांड्यात, म्हणजे कुठल्या नावाखाली, कोणती माहिती आहे. बघून झालं की एक बटण दाबायचं, की तो पुढे निघतो. बाकीचे लोक काही बिघडलं तरच हे करतात. सर रोज करायचे, सगळं सुरळीत चालत असतानाही करायचे.

"सर, चालतंय की हो," आम्ही म्हणायचो.

"चालतंय ते दिसतंय मला. कुठून चालतंय ते दाखव ने," सर म्हणायचे.

हा त्यांचा 'ने' गुजराती, आपल्या 'ना'सारखा. घरी शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस रागावला की अर्धा गुजराती व्हायचा आणि खूष झाला की पूर्ण.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घाबरवलं होतं. मी तरसालीहून बस बदलत, घामाघूम होऊन पोचलेली. सर जागेवर नव्हते. त्यांच्या स्क्रीनवर काहीतरी थांबलेलं दिसलं, म्हणून मी मोठ्या हुशारीने पुढे जायचं बटण दाबलं. दारातून किंकाळी आली.

"अरे अरे अरे! गेला ने तो!"

"कोण गेला?"

"माणूस! आत माणूस उभा केलेला मी, तू सोडून दिलास त्याला!"

मी खरोखर जिन्यापर्यंत धावत गेले होते. खाली फरसाणवाल्याशिवाय कोणी नव्हतं. मागाहून कळलं की वेबसाइटवर कोणी एक बटण दाबलं की आमच्या प्रोग्रॅममध्ये जी एक विनंती येते, तिला सर 'माणूस' म्हणत. माणूस आला, माणूस अडला, दोन माणसं एकदम आली. दुपारी ते जेवायला चालत घरी जायचे तेव्हा प्रोग्रॅम तसाच थांबलेला असायचा आणि कीबोर्डवर कागद ठेवलेला असायचा. 'हात लावू नये. आत माणूस थांबला आहे.' ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण तो कागद वाचून एकदा तरी टेबलाखाली वाकून बघायचाच.

ऑफिसबाहेरही त्यांचं हेच. रिक्षात बसले तर अर्ध्या वाटेत रिक्षा थांबवून मीटर आणि रस्ता, दोन्ही तपासणार. न्हाव्याला एका बाजूचे केस कापून झाल्यावर थांबवणार आणि आरसा मागणार. सहलीचा फोटो काढताना सगळे हसून उभे राहिले की हात वर करणार, "एक मिनिट, सगळे आहेत ने?" आणि आमचे हसरे चेहरे कडवट होईपर्यंत मोजत बसणार. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, एकदा म्हणाल्या होत्या, "यांना मी वाटीभर साखर आणायला शेजारी पाठवलं, तर दार वाजवून हे उभेच. शेजारीण विचारतेय काय हवं, आणि यांचं चाललंय की आपण कशाला आलो ते आधी नीट आठवू दे."

पण त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला जे झालं, ते बघून तर मी तोंडाचा आ मिटायला विसरले. पूजेला आम्ही ऑफिसची सगळी मंडळी गेलो होतो. गुरुजी संकल्प सांगत होते, सर हातावर पाणी घेऊन बसले होते. अचानक त्यांनी दुसरा हात वर केला.

"थांबा. गोत्र कोणतं म्हणालात?"

गुरुजी गडबडले. त्यांनी पुन्हा सांगितलं. ते सरांचं गोत्र नव्हतंच! गुरुजी त्याच गल्लीत आधीच्या घरची पूजा आटोपून आले होते, आणि तिथलंच गोत्र तोंडात राहिलं होतं. काकूंच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणाले, देवाला सगळं कळतं. सर म्हणाले, "देवाला कळतं हो. पण पूजा कोणाच्या नावावर गेली, ते मला कळायला पाहिजे ने." आणि त्यांनी पहिल्यापासून परत सुरू करायला लावलं. प्रसादाचा शिरा पार गार झाला. मला तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

आमच्या मालकांना, शेठना, सरांचं हे अजिबात पटायचं नाही. पण सर नसते तर ऑफिस बंद पडलं असतं, हेही त्यांना माहीत होतं. त्यामुळे ते सरांना काही बोलायचे नाहीत, नुसतं त्यांना न सांगता काय ते उरकायचे. हॉस्पिटलच्या बाबतीत त्यांनी नेमकं तेच केलं.

आता बाबांचं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सिग्नलच्या खात्यात होते. गुडघे दुखतात म्हणून मनानेच गोळ्या आणून खात राहिले आणि पोटात जखम करून घेतली. एका सकाळी चहा घेता घेता त्यांना रक्ताची उलटी झाली. पांढऱ्या बेसिनमध्ये ते लाल बघून आई खालीच बसली. आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, बरंच रक्त गेलंय, दुपारपर्यंत रक्त चढवायला हवं, उशीर करू नका. मी कागद घेऊन ब्लड बँकेत गेले. आमच्या ऑफिसचं ज्या हॉस्पिटलचं काम चालू होतं तेच हे हॉस्पिटल, पण आमचं काम अजून पुरं व्हायचं होतं, त्यामुळे ते डोक्यातही आलं नाही.

काउंटरवरच्या बेननी बाबांचं नाव टाकलं, रक्तगट टाकला, बटण दाबलं आणि वाट बघत राहिल्या. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. शेजारच्या काउंटरवरही तेच. रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

"बेन, हाथे लखी आपो ने," मी हाताने लिहून द्यायला विनवलं.

"सिस्टममां एन्ट्री पडे पछी ज बॅग अपाय," त्या म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता. कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय पिशवी द्यायची नाही, असा त्यांना हुकूम होता.

मी पुढे वाकले आणि काचेतून त्यांचा पडदा बघितला. वर मोरपंखी पट्टी होती आणि पट्टीवर मोठ्या देवनागरी अक्षरात लिहिलं होतं, 'तालीम'.

 ती पट्टी सरांची होती. अजून कच्च्या असलेल्या, फक्त आमच्या चाचणीसाठी असलेल्या प्रोग्रॅमवर सर स्वतःच्या हाताने ती पट्टी लावायचे, म्हणजे कोणी त्याला चुकूनही खरा समजू नये. तो प्रोग्रॅम जगात एकाच ठिकाणी चालत होता, रावपुऱ्यात, सरांच्या टेबलावरच्या मशीनवर. शेठनी हॉस्पिटलवाल्यांना 'बघून ठेवा' म्हणून त्याचा पत्ता दिला होता, आणि हॉस्पिटलवाल्यांनी जुनी सिस्टम बिघडली म्हणून सरळ त्यावरच खरं काम सुरू केलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त घड्याळ दिसलं. जेवणाची वेळ झाली होती. सर लाल ठिपक्यापाशी माणूस थांबवून, वर कागद ठेवून घरी गेले होते. तो आत थांबलेला माणूस म्हणजे माझे बाबा होते!

सर मोबाइल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचे. ऑफिसचा फोन जेवणाच्या सुट्टीत कोणी उचलला नाही, म्हणून मी सरांच्या घरी फोन लावला. काकू म्हणाल्या, "जेवतायत गं. जेवताना ते घेत नाहीत, तुला माहीत आहे ने?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, रांगेतली माणसं मागे सरकली एवढं आठवतं. मग सरांचा आवाज आला.

"केम, शुं झालं?"

मी सांगितलं.  मग ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे ती नावं खरी होती? मी सकाळपासून म्हणतोय, आज चाचणीवाल्यांनी नावं काय सुरेख घातली आहेत!"

"सर, जाऊ द्या त्याला पुढे! प्लीज!"

"निघालो," म्हणाले आणि फोन ठेवला.

वर वॉर्डात आई एकटी बाबांपाशी होती. ती मला सारखी फोन करत होती, मिळालं का गं, मिळालं का. डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेले म्हणाली. मी काचेला चिकटून उभी राहिले. एका बटणाचा प्रश्न होता. ते बटण दाबलं गेलं की चिठ्ठी निघणार होती.

सरांचा ऑफिसातून फोन आला. धापा टाकत होते. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आले होते.

"दाबलंत?" मी विचारलं.

"बाबांचा गट कोणता?"

"ओ पॉझिटिव्ह. सर, दाबा ना!"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सर?"

"इथे बी पॉझिटिव्ह दिसतोय. नाव तुझ्या बाबांचं, आणि गट बी."

 माझ्या डोळ्यांदेखत त्या बेननी ओ टाकलं होतं.

"मी हे पुढे जाऊ देणार नाही," सर म्हणाले. "मशीनच बंद करतो. त्यांना हाताने लिहायला लाव. ऐकत नसतील तर मला फोन दे, नाहीतर मारामारी कर."

मारामारीची वेळ आली नाही, पण मी आवाज एवढा चढवला की आतून मोठे साहेब बाहेर आले. सर फोनवर त्यांना पाच मिनिटं अस्खलित गुजरातीत काय काय बोलले. साहेबांचे डोळे पांढरे झाले. मग कागद निघाले, पेन निघालं, बाबांच्या नमुन्याशी पिशवी पुन्हा जुळवून बघितली गेली आणि ओ पॉझिटिव्ह रक्त वर वॉर्डात गेलं. चढायला लागल्यावर तासाभरात बाबांच्या ओठांना रंग आला. तेव्हा कुठे मी जिन्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं.

संध्याकाळी सर वॉर्डात आले. उजव्या हाताच्या बोटांना दुपारचं वरण सुकून चिकटलेलं होतं. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेठ होते. नेटवर्क गेलं होतं असं सांगून टाका, असं म्हणत असणार, कारण सर म्हणाले, "नाही शेठ. नेटवर्क नव्हतं गेलं. तसं मी नाही सांगणार." त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. त्या ऑफिसात त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांनी सोडलं की त्यांना सोडायला लावलं, ते मला कोणी नीट सांगितलेलं नाही.

ते बाबांच्या पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या नावापुढे दुसऱ्याचा गट आला होता. ती ओळ माझी आहे. फार वर्षांपूर्वी, शाळांच्या कामात घाईत लिहिलेली, तीच इथे उचलली. नाव मी ज्याच्या त्याच्या वाटीत ठेवलं, पण गट सगळ्यांचा मिळून एकाच वाटीत ठेवला. दोन काउंटरवर दोघं एकदम आले की मागून आलेल्याचा गट पुढच्याला जातो."

 दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीपुढे लाल ठिपका ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या त्या ओळीपुढे कधी ठेवलाच नव्हता. आज ठेवला होता तोही योगायोगाने, दुसरंच काही बघायला.

"म्हणजे तुम्ही थांबवलंत म्हणून ते कळलं," आई म्हणाली. तिला कसंही करून त्यांचे आभार मानायचे होते.

"नाही वहिनी. मी मध्येच थांबवलं म्हणूनच दुसऱ्याला आत शिरायला वेळ मिळाला. न थांबवता हे क्षणात होऊन जातं, सहसा कोणी कोणाला गाठत नाही. पण कधीतरी गाठलंच असतं, आणि तेव्हा बघायला कोणी नसतं."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यभर सिग्नलच्या तारा तपासलेला माणूस. डोळे न उघडताच म्हणाले, "आजचं झालं. पण हे चालू कधीपासून आहे? माझ्या आधी कोणाला आलंय का असं?"

सरांचा चेहरा एकदम पडला. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. ते तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांची सलाईन बघायला आलेली सिस्टर सहज म्हणाली, "काले य आवुं थयुं तुं. चिठ्ठीमां ग्रूप जुदो हतो. में बॅग पाछी मोकली ने हाथे सुधराव्युं."

कालही झालं होतं. चिठ्ठीवर गट वेगळाच होता, या मुलीने फाइलशी ताडून बघितलं, म्हणून पिशवी परत गेली. आणि काल तर सर सुट्टीवर होते, त्यांनी काही थांबवलेलं नव्हतं.

"तमे कोईने कह्युं नहीं?" तिने कोणालाच कसं सांगितलं नाही, असं सरांनी विचारलं.

"कोने कहुं? नवुं नवुं छे, भूल तो थाय," नवीन आहे, चुका व्हायच्याच, असं ती म्हणाली, आणि कालच्या पेशंटचा, खिडकीजवळचा पलंग हनुवटीने दाखवून पुढे गेली.

त्या पलंगावर एक म्हातारी बाई झोपली होती. डोक्यावर रक्ताची दुसरी पिशवी लागलेली. शेजारी तिचा मुलगा, चांगला दांडगा, बिस्किटं खात बसलेला. सर निघाले. "सर, नका जाऊ," मी त्यांची बाही धरली. मला दिसत होतं काय होणार ते. त्यांनी बाही सोडवून घेतली.

ते त्या मुलासमोर उभे राहिले आणि जसं बाबांना सांगितलं तसंच त्यालाही सांगू लागले, गुजरातीत, काही न गाळता. तो आधी ऐकत होता. मग उभा राहिला.

"एटले मारी बाने खोटुं लोही चढाववाना हता तमे?" आपल्या आईला चुकीचं रक्त चढणार होतं का, असं तो विचारत होता.

सर म्हणाले, "हा."

त्याने सरांच्या थोबाडीत मारली.  सरांचा चष्मा पलंगाखाली जाऊन पडला. बाबा अंथरुणातून ओरडले, "अरे, अरे!" आईने तोंडावर पदर घेतला. मी धावले, पण माझे पाय मध्येच अडकले, कारण सर खाली वाकून चष्मा शोधत होते, आणि शोधता शोधताही बोलतच होते. त्यांचं सांगून झालं नव्हतं. चष्मा मिळाला. तो त्यांनी तसाच वाकडा डोळ्यांवर चढवला आणि ताठ उभे राहून त्या मुलाला म्हणाले की माझं मशीन आता बंद आहे, इथे सगळं हाताने लिहितात, पण हाताने लिहिणाराही चुकतो. तेव्हा तुझ्या आईला घरी नेईपर्यंत दर वेळी पिशवीवरचा गट तू स्वतः वाच. मोठ्याने वाच.

 त्या मुलाचा हात अजून अर्धवट वर होता. मग तो वळला, टाचा उंच केल्या आणि आईच्या डोक्यावरच्या पिशवीवरची अक्षरं एकेक करून वाचली. पलीकडच्या पलंगाशी बसलेली एक बाई उठली आणि तिच्या नवऱ्याची पिशवी वाचू लागली. मग तिच्या पलीकडचा एक म्हातारा उठला, त्याला अक्षर लागेना, त्याने सिस्टरला हाक मारली.

मीही उठले आणि बाबांच्या डोक्यावरची पिशवी वाचली. ओ पॉझिटिव्ह. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली.